मंथली पास काढताय? आधी गर्दीच्या दिवसाचा हिशेब करा

आज माझीच एक चूक सांगतो.

पुसदला माझं ज्यूसचं दुकान आहे. सुरुवातीला मी एक कार्ड काढलं होतं. ५०० रुपये भरा, महिनाभर रोज एक ग्लास प्या. एका ग्लासचा खर्च १८ रुपये. मी धरून चाललो की गिऱ्हाईक १५ वेळा येईल. म्हणजे २७० खर्च, २३० शिल्लक. पण मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन! लोक रोज आले. ३० ग्लासचे झाले ५४०. प्रत्येक कार्डामागे ४० रुपये खिशातून.

घाबरून पाटी लावली, 'संध्याकाळी ५ ते ८ कार्डवर १० रुपये जादा.' एक गुरुजी शांतपणे म्हणाले, "भाऊ, पैसे घेताना हे नव्हतं सांगितलं." ते पुन्हा कार्ड घ्यायला आले नाहीत.

हीच चूक अमेरिकेत 'मूव्हीपास' कंपनीने केली. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी महिन्याला ९.९५ डॉलरमध्ये रोज एक सिनेमा देऊ केला. थिएटरला मात्र बहुतेक तिकिटांचे पूर्ण पैसे कंपनीच देत होती. लोक जितके जास्त सिनेमे बघणार, तितका तोटा! मग जुलै २०१८ मध्ये गर्दीच्या शोला जादा पैसे लावले. ग्राहक चिडले. सप्टेंबर २०१९ मध्ये सेवा बंद पडली.

आता आपल्याकडचं बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पीव्हीआर आयनॉक्सने 'पासपोर्ट' आणला. महिन्याला ६९९ रुपयांत १० सिनेमे, पण फक्त सोमवार ते गुरुवार. अट पहिल्या दिवसापासून होती. शिवाय थिएटर त्यांचंच. मधल्या वारी रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्या पासवाल्यांना, शनिवार-रविवारच्या पूर्ण पैशात.

फरक कळला का? अट दोघांनीही घातली. एकाने पैसे घेण्याआधी, दुसऱ्याने पैसे घेतल्यावर.

मेस असो, जिम असो की अभ्यासिका, पास छापण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा:

१. गिऱ्हाईक रोज आलं तर खर्च किती?
२. आपली रिकामी वेळ कोणती? पास त्याच वेळेचा द्या.
३. अट पासवर मोठ्या अक्षरात छापा आणि पैसे घेताना तोंडानेही सांगा.

दर बदलायचाच असेल तर पुढच्या महिन्यापासून बदला. चालू पास ठरल्याप्रमाणे पाळा, तोटा झाला तरी.

माझं आताचं कार्ड ५०० रुपयांत २० ग्लासचं आहे, दुपारी ४ पर्यंत. सगळे ग्लास प्यायले तरी खर्च ३६०. आता गिऱ्हाईक रोज आलं की मला आनंदच होतो!