मूत्राशयातील सौम्य गाठ

प्रश्न : आईच्या मूत्राशयात तीन सेंटिमीटरची गाठ निघाली, तुकड्याच्या तपासणीत 'लायोमायोमा' असे निदान झाले. मूत्राशय काढावे लागेल काय?

उत्तर : नाही, आणि हे प्रथमच सांगतो, कारण 'गाठ' हा शब्द कानी पडताच घरादारावर जी अवकळा पसरते, ती या प्रसंगी सर्वस्वी अकारण आहे. मूत्राशयाच्या स्नायूंतून उद्भवणारी ही गाठ इतकी दुर्मिळ, की मूत्राशयाच्या शंभर गाठींत अशी एकही भरत नाही. दुर्बिणीतून पाहता तिच्यावरील अस्तर बहुधा गुळगुळीत व अखंड दिसते, कर्करोगाच्या बहुतेक गाठींप्रमाणे झुपकेदार नसते. तथापि केवळ नजरेच्या साक्षीवर फैसला करणे धोक्याचे, म्हणून तुकड्याच्या तपासणीचाच दाखला ग्राह्य मानावा. गाठ आतल्या बाजूस वाढली असेल, तर मूत्रमार्गातूनच दुर्बिणीने खरवडून काढता येते. भिंतीत खोल रुतली असेल वा बाहेर वाढली असेल, तर पोटातून ती सोलून, अथवा भिंतीच्या तेवढ्याच भागासह काढतात, आणि शेष मूत्राशय आपले काम पूर्ववत करते. हा निर्णय एमआरआय पाहून शल्यविशारदांनी घ्यावा. मात्र काढलेल्या संपूर्ण गाठीचा अहवाल हाती आल्यावाचून प्रकरण निकालात काढू नका.