मेंदूचा पाट अडू नये

विहिरीचे पाणी पाटात येते. पाटातून ते वाफ्यावाफ्यांत जाते. दारे धरणारा गडी हुशार असला, तर तो आधी पीक पाहतो. उसाला आज पाणी जास्त हवे. भुईमूग दोन दिवस थांबेल. पण नुकती लावलेली रोपे? त्यांचे पाणी चुकले, तर ती लगेच माना टाकतात. म्हणून गडी सगळ्यांत आधी रोपांकडे बघतो.

आपल्या शरीरातही असाच कारभार चालतो. हृदय हा पंप. रक्तवाहिन्या हे पाट. हात, पाय, पोट, कातडी हे सारे वाफे. आणि मेंदू म्हणजे ती नाजूक रोपे. कष्टाच्या वेळी, उन्हात, उंच डोंगरावर शरीर मेंदूचे रक्त कसे सांभाळते, ते या धड्यात आपण पाहू. ते कुठे कमी पडते, तेही पाहू. हे ठाऊक असले, तर वेळेला माणूस वाचवता येतो.

लहान मेंदू, मोठा वाटा

मोठ्या माणसाचा मेंदू वजनाने दीड किलोच्याही आत असतो. सगळ्या शरीराच्या मानाने तो पन्नासावा भाग. पण शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्यातला पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. माणूस स्वस्थ बसलेला असताना हृदय दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातले पाऊण लिटर मेंदूकडे जाते.

मेंदूला एवढे रक्त सारखे का लागते? कारण त्याच्याजवळ साठा नाही. घरात कणगी भरलेली असली, तर चार महिने काढता येतात. मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंत थोडी शिदोरी असते. मेंदूचे मात्र हातावर पोट. आणायचे आणि लगेच खायचे. रक्त पूर्ण थांबले, तर पाच-दहा सेकंदांत शुद्ध जाते. चार-पाच मिनिटे थांबले, तर मेंदूच्या पेशी मरू लागतात. मेलेली पेशी पुन्हा जिवंत होत नाही.

म्हणून मेंदूकडे जायला चार वाटा आहेत. दोन मानेच्या पुढच्या बाजूने जातात. दोन मागे, मणक्यांमधून जातात. डोक्यात गेल्यावर त्या एकमेकींना गोलाकार जोडलेल्या असतात. इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६६४ साली या गोलाचे वर्णन केले. एक वाट अरुंद झाली, तर पुष्कळदा दुसऱ्या वाटेचे रक्त तिकडे वळते.

मानेच्या एका बाजूला, गळ्याच्या घाटीशेजारी, दोन बोटे हलकेच ठेवा. ठोका लागतो ना? तीच त्यांतली एक वाट. पण जोराने दाबू नका, आणि दोन्ही बाजू एकदम तर मुळीच दाबू नका.

एका शेतकऱ्याचे डोके

कवटी तर बंद असते. मग आतले रक्त कमी-जास्त होते, हे कळले कसे?

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इटली देशात आंजेलो मोस्सो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी एका शेतकऱ्याला तपासले. डोक्याला मार लागून त्याच्या कवटीचे हाड एका ठिकाणी गेले होते. तिथे मेंदूची धडधड वरून कळत असे. मोस्सो यांनी त्या जागी यंत्र लावून धडधड मोजली.

दुपारी चर्चची घंटा वाजली. धडधड वाढली. मोस्सो यांनी विचारले, "प्रार्थनेची आठवण झाली का?" धडधड पुन्हा वाढली. शेतकरी तर जागचा हललाही नव्हता. नुसता विचार मनात आला, तेवढ्याने मेंदूकडे जादा रक्त गेले.

पुढे १९४५ साली अमेरिकेतील केटी आणि श्मिट या शास्त्रज्ञांनी कवटी न उघडता मेंदूचे रक्त मोजण्याची रीत जाहीर केली. आता तर आणखी चांगली यंत्रे आहेत. त्यांवरून दिसते, की मेंदूचा जो भाग काम करतो, त्याला त्या वेळी जादा रक्त मिळते. तुम्ही आत्ता हा धडा वाचत आहात. डोळ्यांनी पाहिलेले अक्षर ओळखणारे मेंदूचे भाग या घडीला जास्त रक्त ओढून घेत आहेत.

कष्टाच्या वेळी

आता गडी कुदळ मारतो आहे असे समजा. त्याचे हृदय जोराने चालते. पाच लिटरच्या ठिकाणी ते मिनिटाला पंधरा-वीस लिटर रक्त ढकलू लागते. हे जादा रक्त जाते कुठे? बहुतेक सगळे हातापायांच्या स्नायूंकडे. पोटाकडचे दार शरीर थोडे लावून घेते. म्हणून भरल्या पोटी जड काम जमत नाही.

मेंदूचे काय होते? मध्यम कष्टात त्याचे रक्त थोडेसे वाढते. काम फारच जोराचे झाले, की ते पुन्हा पहिल्यावर येते. म्हणजे पाटाला पूर आला, तरी रोपांना लागेल तेवढेच पाणी मिळते. पूर आत शिरत नाही. मेंदूतल्या बारीक नळ्या स्वतःच आवळतात आणि सैल होतात. कुणाला सांगावे लागत नाही.

पण वर्षानुवर्षे ज्याचा रक्तदाब वाढलेला असतो, त्याच्या या नळ्या कडक होतात. त्यांना नीट आवळता आणि सैल होता येत नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. तो मोजल्यावरच कळतो. म्हणून तिशी उलटलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा.

चूल फुंकताना चक्कर का येते?

लाकडे ओली असली, की चूल पेटत नाही. घरची बाई फुंकणी घेऊन फूं फूं करीत बसते. थोड्या वेळाने म्हणते, "अगं बाई, डोळ्यांपुढं अंधारी आली." असे का होते?

आपण श्वासाबरोबर प्राणवायू आत घेतो आणि कर्बवायू बाहेर टाकतो. कर्बवायू अगदीच टाकाऊ आहे असे समजू नका. रक्तात तो किती आहे, हे पाहून मेंदूच्या नळ्या सैल होतात किंवा आवळतात. फार फुंकले, की कर्बवायू गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. मग नळ्या आवळतात. मेंदूचे रक्त कमी होते. त्यात चुलीच्या धुराची भर पडते. म्हणून चक्कर येते.

अशा वेळी फुंकणे थांबवावे. मोकळ्या हवेत बसून सावकाश श्वास घ्यावा. खूप घाबरलेला माणूसही असाच भराभर श्वास घेतो. त्याला धीर द्यावा. "हळू श्वास घे, आम्ही आहोत ना," असे म्हणावे.

उन्हात आणि रांगेत

माणूस उभा राहिला, की रक्त खाली ओढले जाते. अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरते. शरीर लगेच खालच्या नळ्या आवळते आणि हृदयाला घाई करते. म्हणून बहुधा आपल्याला काही कळतही नाही.

पण ऊन असले तर? अंग थंड करण्यासाठी कातडीकडे जास्त रक्त जाते. घामावाटे पाणी जाते. पाटातच पाणी कमी पडते. त्यातच माणूस दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास एका जागी ताठ उभा असेल, तर मेंदूचे रक्त घटते आणि तो कोसळतो.

माणूस कोसळला, की लोक काय करतात? चहूबाजूंनी गर्दी करतात. त्याला उठवून बसवतात. तोंडात पाणी ओततात. कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. हे सारे चूक आहे. आडवे पडल्याने मेंदूकडे रक्त सहज जाते. बसवले, की ते पुन्हा उतरते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनळीत जाऊ शकते.

त्याला सावलीत सपाट निजवा. पाय वीतभर वर उचलून धरा. कपडे सैल करा. वारा येऊ द्या. साधी भोवळ असेल, तर तो मिनिटाभरात डोळे उघडतो. नीट शुद्धीवर आल्यावर पाणी किंवा ताक द्या. मिनिटाभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, किंवा अंग तापून तो बरळत असेल, तर ही साधी भोवळ नव्हे. अंगावर पाणी मारून वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

रांगेत उभे राहावे लागलेच, तर पाय हलवत राहा. टाचा उचला, टेकवा. पोटऱ्या आवळल्या, की पायांतले रक्त वर ढकलले जाते. म्हाताऱ्या माणसांनी रात्री एकदम उठू नये. आधी बसावे, थोडे थांबावे, मग उभे राहावे.

उंच डोंगरावर

आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. तिथे धाप लागते ती चढाची. हवेची अडचण नसते. पण आपल्याकडचे पुष्कळ लोक केदारनाथाला जातात. ते ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ. एका श्वासात जेवढा प्राणवायू आपल्या गावी मिळतो, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश तिथे मिळतो.

मग मेंदू काय करतो? प्राणवायू कमी, म्हणून नळ्या सैल करून जास्त रक्त ओढतो. त्याच वेळी माणूस भराभर श्वास घेतो. त्याने कर्बवायू घटतो आणि नळ्या आवळू पाहतात. चुलीपाशी पाहिले तेच हे. दोन गडी एकच दार दोन बाजूंनी ओढतात. सुरुवातीला सैल करणारा जिंकतो. अमेरिकेतील एका डोंगरावर ३,८१० मीटर उंचीवर काही माणसांवर प्रयोग झाला. तो १९६६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या काही तासांत त्यांच्या मेंदूचे रक्त सुमारे २४ टक्के वाढले. तीन ते पाच दिवसांनी ही वाढ १३ टक्क्यांवर आली. म्हणजे शरीर हळूहळू रुळते. त्याला दिवस द्यावे लागतात.

दिवस दिले नाहीत, तर डोके ठणकते, मळमळते, झोप लागत नाही. याला डोंगर लागणे म्हणू. कधीकधी मेंदूला सूज येते. कवटी कठीण, तिला फुगता येत नाही. आतला मेंदू दाबला जातो. माणूस झोकांड्या खातो, भलतेच बोलतो. उपाय झाला नाही, तर मरतो. आपल्या सैन्यातील डॉक्टरांनी उंचावर आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. ते जवान तरणेबांड होते. तरीही त्यांना डोंगर लागला. ताकदवान माणसाला तो लागत नाही, हा समज खोटा आहे.

गौरीकुंड सुमारे दोन हजार मीटरवर आहे. तिथून एका दिवसात केदारनाथाला चढले, तर दीड हजार मीटरहून जास्त चढ होतो. घोड्यावर किंवा हेलिकॉप्टरमध्ये बसून गेले, तरी शरीराला रुळायला वेळ मिळत नाहीच. म्हणून वाटेत मुक्काम करावा. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. डोके दुखू लागले, तर आणखी वर जाऊ नये. माणूस झोकांड्या खाऊ लागला, तर रात्र असली तरी त्याला खाली आणावे. एकट्याला पाठवू नये. देव कुठे जात नाही. दर्शन पुढच्या वर्षीही होते.

पाट तुंबला किंवा फुटला तर

आतापर्यंत रक्त कमी-जास्त होण्याची गोष्ट झाली. कधीकधी मेंदूतली नळी गुठळीने एकदम तुंबते, किंवा फुटते. गावात म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." डॉक्टर याला पक्षाघात म्हणतात. यात वाऱ्याचा काही संबंध नाही.

नळी तुंबली, की दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. आणि आपण काय करतो? तेल चोळतो. कबुतराचे रक्त लावतो. देवऋषी बोलावतो. "सकाळी बघू," म्हणतो. सकाळपर्यंत रोपे जळून जातात.

चार खुणा पाठ करा. तोंड एका बाजूला वाकडे झाले. एक हात उचलत नाही. बोलणे अडखळते. एकाएकी तोल गेला किंवा दिसेनासे झाले. यांतली एकही खूण अचानक दिसली, तर घड्याळ पाहा. १०८ क्रमांकाला फोन करा. डोक्याचा फोटो काढण्याची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात माणसाला न्या. तोंडाने काही देऊ नका. नळी तुंबली की फुटली, हे फोटोवरूनच कळते. तुंबली असेल, तर गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. जितके लवकर, तितके चांगले. खुणा आपोआप गेल्या, तरी दवाखान्यात जाच. ती पुढच्या संकटाची हाक असते.

शरीर रात्रंदिवस मेंदूची राखण करते. त्याने हात टेकले, की पुढची राखण आपल्याकडे येते. हा धडा घरी मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही चार खुणा पाठ होऊ द्या.

प्रश्न

१. भोवळ आलेल्या माणसाला बसवू नये. का?
२. चूल फार फुंकली, की चक्कर का येते?
३. तुमच्या गावातून काही मंडळी केदारनाथाला निघाली आहेत. त्यांना कोणत्या तीन गोष्टी सांगाल?
४. पक्षाघाताच्या चार खुणा न पाहता लिहा.
५. डोक्याचा फोटो काढण्याची सोय तुमच्या गावाला सर्वांत जवळ कुठे आहे? तिथे पोचायला किती वेळ लागतो? विचारून घ्या आणि भिंतीवर लिहून ठेवा.