डॉकरफाइल जोडली म्हणजे झालं नाही

चि. सायलीस,


तुझा शोधनिबंध आवडला. मग त्यातले प्रयोग कुणालाही पुन्हा करता यावेत म्हणून तू सोबत जोडलेली डॉकरफाइल मी उघडली. पहिल्याच ओळीत ‘उबुंटू:लेटेस्ट’! अगं, आजचं लेटेस्ट दोन वर्षांनी तेच कसं राहील? खाली ॲप्ट-गेटने ओढलेल्या पॅकेजांचंही तेच. डॉकरची बांधून झालेली इमेज बदलत नाही, पण त्या फाइलीवरून पुन्हा बांधलेली इमेज तीच असेल याची हमी नाही. म्हणून मूळ इमेज डायजेस्टने नोंदव, पायथनच्या लायब्रऱ्यांसाठी लॉक फाइल ठेव आणि बांधलेली इमेजही जप.

तू डिफेक्ट्सफोरजे हा जावा प्रकल्पांतल्या बगांचा संच वापरतेस, त्याची वापरसूचना नीट वाच. टेस्ट थेट चालवायच्या असतील तर टाइमझोन ‘अमेरिका/लॉस एंजेलिस’ ठेवा, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. त्या संचात जोडा-टाइमसारखे प्रकल्प आहेत, तारखा-वेळांवरच जगणारे. पुण्यातल्या घड्याळावर एखादी टेस्ट पडली तर तू तुझ्या बग दुरुस्त करणाऱ्या टूललाच दोष देत बसशील. आणि या संचाची काळजी घेणारी माणसं इतकी काटेकोर, तरी जावाची आवृत्ती पुढे गेल्यावर काही बग पुन्हा दिसेनात, ते बाजूला काढावे लागले. मग आपली घाईत लिहिलेली स्क्रिप्ट किती टिकणार?

नोटबुकच्या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. 2019 साली गिटहबवरच्या लाखो ज्युपिटर नोटबुका चालवून पाहिल्या गेल्या. सुमारे 24 टक्केच विनातक्रार चालल्या आणि मूळचीच उत्तरं जेमतेम 4 टक्क्यांनी दिली. सेल खालीवर करून मिळालेला आलेख निबंधात घालायची सवय आपल्या क्षेत्रात फार आहे, आणि मला ती सरळसरळ आळशीपणाची वाटते. एका आज्ञेत कच्च्या डेटापासून तक्त्यापर्यंत सगळं झालं पाहिजे. रँडम सीडही नोंदवायला हवा, हे वेगळं सांगत नाही.

गिटहबची लिंक म्हणजे जतन नव्हे. मालकाने रेपो पुसला की संपलं. सर्नच्या झेनोडो संग्रहात सगळं ठेव, डीओआय मिळेल. कोड सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहातही नोंदव.

निबंधासोबतचा कोड आणि डेटा तपासणाऱ्या आर्टिफॅक्ट समितीकडे पाठवण्याआधी तुझ्या गटाबाहेरच्या कुणाला तरी फक्त रीडमी देऊन सगळं चालवायला सांग. तू शेजारी बसायचं नाही, फोनवरही काही सांगायचं नाही. कुणी मिळालं नाही तर मला पाठव. रविवारी मी मोकळी आहे.

तुझी,
आत्या