हृद्रोगाच्या अभ्यासात डुकराचे स्थान

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरविते. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्ताची गरज असते. ती हृद्रोहिण्या भागवितात. यांपैकी एखादी रोहिणी गुठळीने बंद पडली, तर तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. उपचाराने किती स्नायू वाचतो, हे माणसाची रोहिणी मुद्दाम बंद करून पाहता येत नाही. त्यासाठी प्राण्याचा आधार घ्यावा लागतो.

पूर्वी असे प्रयोग मुख्यतः कुत्र्यांवर होत. कुत्र्याच्या हृदयात रोहिण्यांना परस्परांशी जोडणाऱ्या आडवाहिन्या पुष्कळ असतात आणि प्रत्येक कुत्र्यात त्यांचे प्रमाण निराळे असते. एक वाट बंद झाली तरी रक्त दुसऱ्या वाटेने येते. म्हणून त्याच ठिकाणी रोहिणी बांधली, तरी एका कुत्र्यात मोठा भाग मरतो, तर दुसऱ्यात थोडा. मग स्नायू औषधाने वाचला की आडवाहिन्यांनी, हे सांगणे कठीण होते.

डुकराच्या हृदयात अशा वाहिन्या फार थोड्या असतात; निरोगी माणसातही त्या बहुधा थोड्याच आढळतात. त्यामुळे मृत भागाचे अनुमान अधिक नेमके करता येते. डुकराचे हृदय आकारानेही माणसाच्या हृदयाशी जुळते. १९७७ साली झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी रुग्णाची अरुंद हृद्रोहिणी फुग्याने रुंद केली. पुढे रोहिणी उघडी ठेवण्यासाठी धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यात येऊ लागली. तरी काही रुग्णांत ती जागा पुन्हा आकसे. डुकराच्या रोहिणीतही स्टेंटभोवती अशीच पेशींची वाढ होते. म्हणून औषधलेपित स्टेंटची परीक्षा माणसाआधी डुकरांत घेता आली.

मात्र साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. प्रयोगातील डुकरे बहुधा तरुण व निरोगी असतात. रुग्णाच्या रोहिण्यांत वर्षानुवर्षे मेदाचे थर साठलेले असतात. हृदयातील विद्युत्संदेश वाहणारे तंतू डुकरात स्नायूच्या खोलवर पसरतात, तर माणसात ते आतल्या पृष्ठभागालगत राहतात. तेव्हा हृदयाच्या तालाविषयीचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत.

भारतातील १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाचा दंडक असा की, लहान प्राण्यांवर तेच फल मिळत असेल, तर मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग शक्यतो टाळावेत. म्हणून प्रयोगापूर्वी संशोधकाने स्वतःस विचारावयाचा प्रश्न एकच : ज्या प्रश्नाचे उत्तर हवे, ते हा प्राणी खरोखर देऊ शकेल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर त्या प्राण्याचा जीव व्यर्थ जातो आणि रुग्णाचीही दिशाभूल होते.