‘उदाहरण’ : मापन आणि गती यांवरील शालेय प्रश्नांचा भाषिक विचार

१

शालेय पदार्थविज्ञानातील ‘उदाहरण’ हा वाङ्मयाच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा विषय आहे, असे विधान केले तर ते प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. परंतु शाळेत गेलेल्या मराठी माणसाने ‘एक गाडी ताशी ४० किलोमीटर चालीने जात असेल तर...’ यांसारखी वाक्ये जितक्या बारकाईने वाचलेली असतात, तितक्या बारकाईने त्याने कविताही क्वचितच वाचलेली असते. कारण या वाक्यांतील एक शब्द निसटला की गुण गेलाच. हे गद्य आपण वाचतो, त्याच्याशी झगडतो, आणि पुढे ते गद्य होते हेच विसरून जातो.

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. अकरावीच्या पहिल्याच चाचणीत ‘युनिफॉर्म व्हेलॉसिटी’ने जाणाऱ्या मोटारीचे उदाहरण आले. युनिफॉर्म म्हणजे गणवेश, एवढाच अर्थ ठाऊक होता. गणवेशाचा गणिताशी काही संबंध दिसेना, म्हणून तो शब्द वगळून उदाहरण सोडविले आणि उत्तर चुकले. ‘एकसमान वेग’ ही कल्पना त्या विद्यार्थ्यास नववीतच पक्की समजलेली होती. उत्तरपत्रिकेवरील शेरा मात्र ‘कन्सेप्ट क्लिअर नाही’ असा होता. जे समजत नव्हते ते पदार्थविज्ञान नव्हते, तर भाषा होती. हा भेद शिक्षकाला दिसला नाही आणि विद्यार्थ्याला सांगता आला नाही. आजही अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत असेच घडते. म्हणून या विषयाचा विचार केवळ कुतूहलापोटी करावयाचा नाही.

२

प्रथम ‘उदाहरण’ या शब्दाकडे पाहू. मराठीत उदाहरण ‘देतात’ तसे ‘सोडवितात’ही. दाखला आणि कोडे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. गुजरातीतील ‘दाखलो’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. बंगालीत विद्यार्थी ‘अंक’ करतो, कन्नडमध्ये ‘लेक्क’ आणि तमिळमध्ये ‘कणक्कु’ करतो. या शब्दांचे मूळ मोजणीत व हिशेबात आहे. मराठी व गुजराती शब्दांत नियम आधी गृहीत धरलेला असतो आणि प्रश्न हा त्या नियमाचा दाखला म्हणून येतो. ही सूत्र आणि उदाहरण अशी शास्त्रग्रंथांची जुनी मांडणी होय.

त्या मांडणीचा सर्वपरिचित नमुना म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (११५०). चाळीसगावजवळील पाटणे येथील १२०७ च्या शिलालेखामुळे या घराण्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध सुस्थापित आहे. ‘लीलावती’तील मोर आणि साप यांचे उदाहरण घ्या. नऊ हात उंच खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे, खांबावर मोर आहे. खांबाच्या तिप्पट, म्हणजे सत्तावीस हात अंतरावर साप बिळाकडे येताना दिसताच मोर तिरकी झेप घेतो. दोघे सारखेच मार्ग आक्रमितात. तर बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडते? उत्तर बारा हात. पडताळा सोपा आहे : सापाने काटलेले अंतर २७ उणे १२, म्हणजे १५, आणि ९ व १२ या भुजांचा कर्णही १५.

आधुनिक विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट हेरावी. या उदाहरणात गती आहे, पण काळ नाही. किती वेळ लागला हे विचारलेले नाही. सारखे अंतर एवढ्यावरच सारे भागते. आकृती भूमितीची आहे, हालचाल केवळ तिला सजीव करण्यासाठी आली आहे. आणखी एक फरक आहे. ‘लीलावती’तील प्रश्न बाला, सखी, मित्र, गणक अशा कोणास तरी उद्देशून विचारलेला असतो. आजच्या उदाहरणात संबोधन उरलेले नाही. ‘काढा’, ‘शोधा’ ही आज्ञार्थी क्रियापदे तेवढी राहिली आहेत. त्यांच्या जोडीला काही नवे संकेत आले : ‘हवेचा रोध विचारात घेऊ नये’, ‘घर्षण नगण्य मानावे’. नाटकाचा पडदा उघडताना प्रेक्षक जसा तीन भिंतींच्या खोलीस खोली मानावयास तयार होतो, तसाच हा करार आहे. तो करार आहे हे न सांगितल्यामुळे पुष्कळ मुलांना पदार्थविज्ञान हे खोट्या जगाचे शास्त्र वाटते.

३

मापनाच्या प्रकरणात भाषेचा प्रश्न निराळ्या रूपात येतो. मराठीच्या बोलण्यात मापे भरपूर आहेत, आणि ती बहुतेक शरीरावरून व कामावरून आलेली आहेत : वीत, हात, कोस, पायली, घटका. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून चालू झाली आणि १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक वजनमापे टप्प्याटप्प्याने आली. जुनी मापे व्यवहारातून गेली तरी वाक्प्रचारात राहिली. ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणणारा माणूस चूक करीत नसतो. तो आपल्या मापाची अनिश्चितता मापाबरोबरच सांगत असतो.

एक सराव करून पाहू. ‘लीलावती’च्या परिभाषेनुसार २४ अंगुलांचा १ हात, ४ हातांचा १ दंड, २००० दंडांचा १ क्रोश. हात ४५ सेंटिमीटर धरला तर क्रोश किती किलोमीटरांचा?

क्रोश = २००० × ४ = ८००० हात; ८००० × ०.४५ मीटर = ३६०० मीटर, म्हणजे ३.६ किलोमीटर. आता हात ४६ सेंटिमीटर धरा. उत्तर ३६८० मीटर येते. हातात एका सेंटिमीटरचा फरक, तर क्रोशात ८० मीटरांचा. मूळ मापातील चूक गुणाकाराबरोबर कशी वाढत जाते, हे यातून कोणासही कळावे. म्हणूनच ‘क्रोश म्हणजे ३६००.०० मीटर’ असे लिहिणारा विद्यार्थी अधिक अचूक नसतो, तो अधिक धीट असतो एवढेच.

सार्थ अंकांचा नियमही असाच शैलीचा नियम आहे. टेबलाची लांबी १.२ मीटर लिहिली की १.२०० मीटर, हा गणितात एकच आकडा आहे. मापनात ती दोन निराळी विधाने आहेत. दुसऱ्या विधानातील शेवटचे शून्य सांगते की मोजणाऱ्याने मिलिमीटरपर्यंत पाहिले आणि तेथे त्याला शून्यच आढळले. न मोजलेले शून्य लिहिणे हे न ऐकलेले वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालण्यासारखे आहे. पाठचिकित्सेचे काम करणाऱ्यांना हा विवेक नवा नाही.

४

गतीच्या प्रकरणात मराठी विद्यार्थ्यास पाच शब्द भेटतात : अंतर, विस्थापन, चाल, वेग, त्वरण. यांतील त्वरण हा ‘त्वरे’वरून सिद्ध केलेला शब्द असल्याने त्याला पूर्वायुष्य फारसे नाही. बाकीच्यांना ते आहे, आणि अडचण तेथेच होते. चाल म्हणजे चालण्याची ढब, गाण्याची चाल, बुद्धिबळातील चाल आणि डावपेचही. वेग आणि चाल यांत बोलीत भेद नाही. किंबहुना ‘गाडी ताशी साठच्या वेगाने गेली’ असेच आपण म्हणतो. पुस्तक मात्र बजावते की दिशा सांगितली तरच वेग, एरवी चाल.

इतर भारतीय भाषांनी हीच अडचण कशी सोडविली हे पाहण्यासारखे आहे. हिंदीत मराठीप्रमाणेच चाल, वेग आणि त्वरण. बंगालीत चालीसाठी ‘द्रुति’, गुजरातीत ‘झडप’, कन्नडमध्ये ‘जव’, तेलुगूत ‘वडि’. तमिळने वेगळा मार्ग धरला : ‘वेगम्’ हा शब्द चालीसाठी ठेवून दिशायुक्त राशीसाठी ‘तिसैवेगम्’, म्हणजे दिशावेग, अशी जोडणी केली. व्याख्या शब्दातच बसविलेली असल्याने विद्यार्थ्याला ती वेगळी पाठ करावी लागत नाही. उलट ‘प्रवेग’ या शब्दाची कथा सावध करणारी आहे. गुजरातीत प्रवेग म्हणजे त्वरण; मलयाळममध्ये प्रवेग म्हणजे दिशायुक्त वेग. संस्कृतातून शब्द घेतला की तो सर्व भारतात एकाच अर्थाने चालेल, ही समजूत या एका शब्दापुढे टिकत नाही. उपसर्ग सामायिक असला तरी संकेत प्रत्येक भाषेने आपापला केला.

विस्थापनाचेही तसेच. बंगालीत ‘सरण’, गुजरातीत ‘स्थानांतर’, कन्नडमध्ये ‘स्थानपल्लट’. हे शब्द शांत आहेत. तेलुगूतील ‘स्थानभ्रंशम्’मध्ये ढळण्याची छटा आहे. आणि मराठी-हिंदीतील ‘विस्थापन’ ऐकताच धरणाखाली गाव गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. शास्त्राचे विस्थापन केवळ आरंभ आणि शेवट पाहते, मधली वाट पाहत नाही. शब्दाची ही छाया टाळता येत नाही; ती वर्गात उघडपणे बोलून बाजूला ठेवता मात्र येते.

त्यासाठी मराठीजवळ एक उत्तम दाखला आहे. वारी या शब्दातच येणेजाणे आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो आणि परत घरी येतो. चाललेले अंतर पायांना ठाऊक असते. घरापासून घरापर्यंतचे विस्थापन शून्य. विस्थापन शून्य म्हणजे काही घडलेच नाही असे नव्हे, हे ज्याला या दाखल्यावरून कळले त्याला अंतर व विस्थापन यांतील भेद पुन्हा सांगावा लागत नाही.

दिशेसाठी ऋण चिन्ह वापरण्याची रीतही परकी नाही. ‘लीलावती’त १० व १७ भुजा आणि ९ पाया असलेल्या त्रिकोणाचे उदाहरण आहे. तेथे पायाचा एक खंड १५ आणि दुसरा ऋण ६ येतो. भास्कराचार्य ते उत्तर टाकून देत नाहीत. ऋण म्हणजे दिशा उलट, असा त्याचा अर्थ लावतात. ऋण वेग म्हणजे ‘कर्जाऊ वेग’ नव्हे, हे समजावयास याहून जवळचा आधार कोणता?

५

आता दोन उदाहरणे, ज्यांत चूक बहुधा वाचनाची असते.

पहिले : एक एस. टी. गाडी पहिले ६० किलोमीटर ताशी ४० किलोमीटर चालीने आणि पुढचे ६० किलोमीटर ताशी ६० किलोमीटर चालीने जाते. सरासरी चाल किती? घाईने दिलेले उत्तर ५०. परंतु पहिल्या टप्प्यास दीड तास लागला, दुसऱ्यास एक तास. एकूण १२० किलोमीटर, अडीच तास. सरासरी चाल ताशी ४८ किलोमीटर. ‘सरासरी’ हा शब्द दिसताच विद्यार्थी दोन आकड्यांची बेरीज करून निम्मे करतो. ‘कशाची सरासरी’ हे तो विचारीत नाही. गाडी हळू गेली तो काळ जास्त होता, म्हणून उत्तर ४० कडे झुकते. अंतरे समान होती, काळ समान नव्हते. सारे मर्म या वाक्यात आहे.

दुसरे : एक चेंडू सेकंदाला १९.६ मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रति सेकंदवर्ग धरल्यास तो किती उंच जाईल, आणि सर्वोच्च बिंदूवर त्याचे त्वरण किती असेल?

दर सेकंदास वेग ९.८ ने घटतो. म्हणून तो शून्य होण्यास २ सेकंद लागतात. या काळातील सरासरी वेग ९.८, तेव्हा उंची ९.८ × २ = १९.६ मीटर. येथवर बहुतेक मुले येतात. दुसऱ्या भागाला मात्र ‘शून्य’ असे उत्तर देतात, आणि त्याचा दोष काही अंशी आपल्या क्रियापदाकडे जातो. ‘चेंडू वर जाऊन थांबतो आणि मग खाली येतो’ असे आपण सांगतो. मराठीत थांबणे म्हणजे काही काळ तसेच राहणे : गाडी फलाटावर थांबते, पाहुणा थांबतो. चेंडू असा थांबत नाही. एका क्षणी त्याचा वेग शून्य असतो, पण त्या क्षणीही वेग बदलतच असतो. म्हणून त्वरण ९.८च, खालच्या दिशेने. तेथे त्वरणही शून्य असते तर चेंडू वरच टांगून राहिला असता. ‘थांबतो’ऐवजी ‘वळतो’ म्हणून पाहावे. पुष्कळ गोंधळ आपोआप मिटतो.

६

या सर्वांतून मराठीतूनच विज्ञान शिकावे, एवढाच निष्कर्ष कोणी काढू नये. १६३८ साली लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या गॅलिलिओच्या दोन नव्या शास्त्रांवरील ग्रंथात गतीची प्रमेये लॅटिनमध्ये आहेत, आणि त्यांवर तिघे जण जी चर्चा करतात ती इटालियनमध्ये. शंका, हट्ट, समजूत पटणे हे सारे बोलीभाषेत घडते. उतरत्या पन्हळीवरून काशाची गोळी सोडून, पाण्याच्या वजनाने काळ मोजून, समान कालखंडांतील अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात हे त्याने दाखविले. पण ते पटवून देण्यासाठी त्याला संवाद लिहावा लागला. विद्वानांची एक भाषा आणि समजण्याची दुसरी, ही स्थिती आपल्या वर्गांपुरतीच नाही. फरक एवढाच की त्या ग्रंथात दोन्ही भाषा एकाच पानावर, एकमेकींना मान देत नांदतात.

आपल्या सरावातही ते शक्य आहे. उदाहरण कोणत्याही भाषेत आलेले असो, विद्यार्थ्याने ते प्रथम स्वतःच्या भाषेत, एकही आकडा न वापरता सांगावे : कोण कोठून निघाले, काय बदलते आहे, काय बदलत नाही. मग रेषा काढून धन दिशा ठरवावी. मग एककांसह आकडे मांडावेत. उत्तर आल्यावर ते पुन्हा वाक्यात लिहावे आणि ते खरे वाटते का, हे पाहावे. शिक्षकानेही शून्य गुण देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : या शब्दाचा तू काय अर्थ घेतलास?

अकरावीच्या त्या चाचणीनंतर हा प्रश्न कोणी विचारला असता, तर उत्तर मिळाले असते, ‘गणवेश’. वर्ग हसला असता, विद्यार्थीही हसला असता, आणि एकसमान वेग म्हणजे काय हे त्याला आधीच ठाऊक असल्याचे दोन मिनिटांत उघडकीस आले असते. भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासाने परिभाषेच्या याद्यांपलीकडे जाऊन ही उदाहरणे वाचावयास घेतली, तर असा प्रश्न विचारण्याची सवय तरी वर्गात रुजेल.