रिॲक्टला कधी हात घालायचा?

अंबरनाथ पश्चिम

चि. तन्मय,

जावास्क्रिप्टचे लूप, फंक्शन, ॲरे झाले, आता रिॲक्टला लागू का, असं तू विचारलंस. या प्रश्नाला बहुतेक जण महिन्यांत उत्तर देतात: इतके महिने पाया, मग फ्रेमवर्क. मला ते पटत नाही. फ्रेमवर्क जी दगदग वाचवतं, ती एकदा तरी स्वतः सोसलेली असली की पुढे जायला हरकत नाही. तोवर थांब. त्यानंतर मात्र 'पाया अजून कच्चा आहे' म्हणत रेंगाळू नकोस, कारण पाया पूर्ण झाला असा दिवस कुणाच्याच आयुष्यात येत नाही.

अंबरनाथहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलचं एक पान साध्या जावास्क्रिप्टमध्ये कर. गाड्यांची यादी जेसन फाइलमधून आणायची. 'फक्त फास्ट' आणि 'इथूनच सुटणाऱ्या' असे दोन फिल्टर लावायचे. आपल्या रोजच्या गाडीवर खूण करता आली पाहिजे आणि पान रिफ्रेश केलं तरी ती टिकली पाहिजे. 'खूण केलेल्या गाड्या' किती, तो आकडा वर दिसला पाहिजे. फाइल मिळाली नाही तर पान कोरं न राहता तसं सांगितलं पाहिजे. हे करताना यादीत खूण बदलेल, पण वरचा 'खूण केलेल्या गाड्या' हा आकडा बदलायचा राहून जाईल. माहिती आणि स्क्रीन यांचा मेळ राखण्याची ही कटकटच रिॲक्ट स्वतःकडे घेतं. कटकट माहीत नसेल, तर उपायाचे नियम नुसते पाठ करावे लागतात. उदाहरणार्थ, स्टेटमधल्या ॲरेत 'पुश' करून तोच ॲरे परत दिला, तर रिॲक्टला काही बदललंय असं वाटतच नाही, कारण ते आतला माल तपासत नाही, जुना आणि नवा ॲरे एकच आहे का एवढंच पाहतं. स्क्रीन ढिम्म राहते. दोष रिॲक्टचा समजून मुलं तासन्‌तास शोधत बसतात. अडलेलं असतं ते जावास्क्रिप्टमधल्या रेफरन्सवर.

तू म्हणशील, ऐरोली-महापेच्या कंपन्यांच्या जाहिरातींत रिॲक्ट नाहीतर अँग्युलर मागतात, आणि तुझं बी.एस्सी. आयटीचं शेवटचं वर्ष तोंडावर आलंय. घाई समजते. पण 2010 साली आलेल्या अँग्युलरजेएसचं पाहा: 2016 मध्ये त्याची मुळापासून नव्याने लिहिलेली पुढची आवृत्ती आली, आणि 2021 अखेर जुन्याचा अधिकृत आधारच संपला. 2013 च्या रिॲक्टमध्येही 2019 साली हुक्स आले आणि कोड लिहायची रीतच पालटली. याउलट जावास्क्रिप्टच्या 2009 च्या मानकात आलेले मॅप आणि फिल्टर आजही जसेच्या तसे चालतात. शिवाय लोकलच्या त्या पानाला काही वर्षं लागत नाहीत, रोज बसलास तर थोड्या आठवड्यांचं काम आहे. एआय कोड लिहून देतं, हा आक्षेपही ऐकतो. देतं, पण ते 'पुश' चुकलेलं ओळखायचं कुणी?

म्हणून आधी लोकलचं पान पुरं कर. मग तेच पान रिॲक्टमध्ये पुन्हा लिही आणि दोन्ही कोड मला पाठव. पहिल्यात एआयची मदत घेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

तुझा,
मामा