आलेल्या फोनवर व्यवहार नाही

मुक्ता, पुण्याला नोकरी लागली, आता पगाराचं खातं, आधार, विमा, भाड्याचा करार असं सगळं त्या एका मोबाइल नंबरला बांधलं जाणार. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. त्यामुळे घर सोडण्याआधी तुला कानमंत्र द्यायचा हक्क मी आत्या म्हणूनही बजावते आणि ऑपरेटर म्हणूनही.

आलेल्या फोनवर व्यवहार करायचा नाही. आपण लावलेल्या फोनवरच करायचा.

बाकीचं विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस. ट्रंक कॉलच्या काळात सांगलीचा कॉल सांगलीच्या एक्स्चेंजकडूनच यायचा. तिकडची ऑपरेटर माझा आवाज ओळखायची, मी तिचा. इंटरनेटवरून लावलेल्या कॉलला असं गाव नसतं. लावणाऱ्याची यंत्रणा जो नंबर पुढे पाठवेल तो तुझ्या स्क्रीनवर उमटतो. परदेशात बसलेला माणूस भारतातला नंबर दाखवू शकतो. हे रोखायला दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये यंत्रणा सुरू केली. बाहेरून येणारे, पण भारतीय नंबर मिरवणारे कॉल ती अडवते. तरी सिमबॉक्स आहेतच. इथल्याच एखाद्या भाड्याच्या खोलीत ढीगभर सिमकार्डं घातलेली पेटी ठेवायची, बाहेरून इंटरनेटने कॉल आणायचा आणि इथल्या सिमवरून सोडायचा. तुला दिसतो साधा दहा आकडी नंबर.

म्हणून नंबर, नाव, डीपीवरचा बँकेचा लोगो, यातलं काहीही पुरावा नाही. ‘तुमचं कार्ड बंद होतंय’ असं कोणी म्हणालं की ‘बरं’ म्हणायचं, फोन ठेवायचा आणि कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या नंबरवर आपण फोन लावायचा. तो नंबर गूगलवर शोधू नकोस. तिथे ठगांनीच पेरलेले कस्टमर केअरचे नंबर सापडतात. बँकेची साइट उघडायची तर पत्ता स्वतः टाइप कर. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ असलेले पत्ते ठरवून दिले आहेत, ते बघून घे. बँका आणि सरकारी कार्यालयांच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आहेत, जाहिरातवाल्यांसाठी १४० चे. ओळख म्हणून लक्षात ठेव, पण १६०० वरून आला म्हणून ओटीपी सांगायचा नाही.

व्हिडिओवर अटक होत नाही.

हा प्रकार नीट ऐक, कारण यात शिकलेली माणसंही अडकतात. आधी कुरिअर कंपनीचा म्हणून फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. मग कॉल ‘पोलिसांकडे’ जोडून देतात आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ सुरू होतो. खाकी वर्दी, मागे झेंडा, भिंतीवर बोधचिन्ह. आधारचे शेवटचे आकडे तो बरोबर सांगतो, म्हणून माणूस गारठतो. पुढे ‘कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरच्यांना सांगायचं नाही, केस गोपनीय आहे.’ शेवटी पैसे ‘तपासणीसाठी’ एका खात्यात टाकायला लावतात.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हे स्वतः सांगितलं. पोलीस व्हिडिओवर कोंडून ठेवत नाहीत आणि निर्दोष ठरवायला पैसेही भरून घेत नाहीत. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द कानावर पडले की तिथेच फोन काप आणि पहिल्यांदा घरी सांग.

आता तर ओळखीच्या माणसाचा आवाजही हुबेहूब बनवता येतो. ‘आत्या, अपघात झालाय, लगेच पैसे पाठव’ असा तुझ्या आवाजात मला फोन आला तर? त्यासाठी आपल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवू. तो समोरासमोर ठरवायचा, मेसेजमध्ये लिहायचा नाही.

पैसे घ्यायला पिन लागत नाही.

जुनी सायकल विकायला काढलीस आणि समोरचा म्हणाला, ‘क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील,’ तर समज की पैसे जाणार आहेत. यूपीआय पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच नाही. स्कॅनही देतानाच करायचं.

पत्रिका कधी ॲप नसते.

व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते. नावाच्या शेवटी बघ. पत्रिका असेल तर फोटो किंवा पीडीएफ असेल. शेवटी ‘डॉट एपीके’ असेल तर ते ॲप आहे. दाबलंस की फोन विचारतो, ‘अनोळखी ठिकाणाहून ॲप घेऊ द्यायचं का?’ तिथे हो म्हटलं, पुढे मेसेज वाचायची परवानगी दिली, की तुझे ओटीपी तुझ्याआधी दुसरा वाचतो. वाहनाचं चलन, वीजबिल, किसान योजना अशा नावांनीही हेच येतं. पाठवणारा ओळखीचा असला तरी उघडू नकोस, कारण बहुतेक वेळा त्याचा फोन आधीच हातातून गेलेला असतो.

कोणी स्टार किंवा हॅशचा कोड लावायला सांगितला तर लावायचा नाही. अशा कोडने तुझे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवता येतात आणि ओटीपीचे कॉलही तिकडेच जातात. शंका आली तर ##००२# लाव, म्हणजे सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात. असा ओटीपी दुसऱ्याच्या हाती लागला तरी तुझं व्हॉट्सॲप त्याला उघडता येऊ नये म्हणून त्याला टू-स्टेप पिन आजच लाव.

नंबर हा दागिन्यासारखा सांभाळ.

अचानक रेंज गेली आणि शेजारच्याची आहे, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला विचार. तुझ्या नावाने कोणी नवं सिम काढलेलं असू शकतं. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ साइटवर तुझ्या नावावर किती कनेक्शनं आहेत ते दिसतं, अनोळखी असलेलं तिथेच कळवता येतं, आणि फोन चोरीला गेला तर तो ब्लॉकही करता येतो. त्यासाठी फोनचा आयएमईआय क्रमांक लागतो. आत्ताच *#०६# लाव आणि तो वहीत लिहून ठेव. जुना नंबर सोडणार असशील तर आधी बँकेतून आणि आधारमधून काढ. बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते. आणि आपलं सिम किंवा खातं कोणाला ‘फक्त वापरायला’ द्यायचं नाही. ठगीचे पैसे अशाच उसन्या खात्यांतून फिरतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

संकटात साधा फोन.

व्हॉट्सॲपवरून ११२ हा आपत्कालीन नंबर लागत नाही. त्याला मोबाइलचं नेटवर्कच हवं. गडावर आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून बघायचा, तो मिळेल त्या कंपनीच्या नेटवर्कवरून जातो. गावच्या घरी रेंज नाही पण ब्रॉडबँड आहे, म्हणून दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू करून दे. मग त्याच्या नेहमीच्या नंबरवरच फोन येतील-जातील.

फॉरवर्डलाही आलेल्या फोनचाच नियम.

१ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्या अफवेवर जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच माणसांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं बंधन जाहीर केलं. पाठवणारं बोट मात्र आपलंच असतं. आलेल्या मेसेजवर मत बनवू नकोस, आपण जाऊन बघ: कोणत्या वर्तमानपत्रात आहे, कोणत्या तारखेचं आहे, व्हिडिओ कुठल्या गावाचा आहे. सापडलं नाही तर तो तुझ्या फोनमध्येच संपला पाहिजे.

गेलेच तर १९३०.

पैसे गेले तर रडत बसायचं नाही, पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, आणि दुसरा बँकेला. रक्कम, वेळ, खातं आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेव. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. जितक्या लवकर कळवशील तितके वाटेत गोठवता येतात. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदव. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुझी ना बँकेची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंस तर नुकसान तुझ्यावर येत नाही. ओटीपी तूच दिला असशील तर कळवेपर्यंतचं तुझं, पुढचं बँकेचं. म्हणजे कळवायला लावलेलं एकेक मिनिट पैशात मोजलं जातं.

जायच्या आधी एक दिवस दादा-वहिनींजवळ बस. त्यांच्या फोनमध्ये १९३० सेव्ह कर आणि फोन मध्येच कसा कापायचा ते त्यांच्याकडून करून घे. आमच्या पिढीला साहेबाचा फोन आपण आधी ठेवायचा नाही असं शिकवलंय आणि ठग त्या सभ्यपणावरच जगतात. फोन कापण्यात उद्धटपणा नाही, हे त्यांना लेकीच्या तोंडून कळू दे. आणि कधी त्यांच्याकडून पैसे गेलेच तर एका शब्दाने रागावू नकोस. मुलांच्या बोलण्याच्या भीतीने म्हातारी माणसं दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि १९३० ला फोन करायची वेळ त्यातच निघून जाते. ‘काही झालं तर मला आधी सांगा, मी ओरडणार नाही,’ हे त्यांना आजच सांगून ठेव.